अहवालात बोका नव्हता

४ फेब्रुवारी

गुंड्या,

आधी भांडण, मग आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. "इकडे थंडी आहे. तब्येत बरी आहे. काम ठीक चाललंय. तुम्ही सगळे कसे आहात?" याला पत्र म्हणतात होय रे? पोलिसात लागलास की वेधशाळेत? फोनवर तर तू 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाहीस, म्हणून म्हटलं निदान पत्रात माणसासारखा बोलशील. परदेशात जाऊन सात-आठ देशांच्या पोलिसांबरोबर एका टेबलाशी बसतोस, दहशतवाद्यांच्या मागावर असतोस, आणि बहिणीला लिहायला तुला फक्त थंडी सापडते!

आता पत्र कसं लिहितात ते बघ.

वरची खोली डिसेंबरात भाड्याने दिली. तुझे भावजी गेल्यापासून ती नुसती धूळ खात होती. भाडेकरू एकटा आहे, पन्नाशीच्या अलीकडचा, बहिऱ्या लोकांची कानातली यंत्रं दुरुस्त करतो. गल्लीने लगेच त्याचं नाव 'कानवाला' ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या सासूबाईंचं यंत्र उघडून असं काही नीट केलं, की आता त्यांना मी शेजारणीशी कुजबुजलेलंसुद्धा ऐकू येतं. माझे हाल कुत्रा खात नाही. परवा भिंतीपलीकडून ओरडल्या, "मी हट्टी का गं?"

माणूस तसा सरळ, पण घुम्या. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे चिमटा लागतो. त्याच्याकडे परदेशातून पार्सलं येतात, त्यात मोहरीएवढे स्क्रू आणि केसाएवढ्या तारा. आपला बोका रोज दार ढकलून आत शिरतो आणि ते स्क्रू पंजाने उडवतो. म्हणून कानवाल्याने दाराला आतून चमचा बांधलाय. दार हललं की चमचा खणखणतो आणि हा 'शुक शुक' करत धावतो. बोकाही वस्ताद, आता चमचा वाजवायलाच जातो.

दर गुरुवारी मात्र बॅग घेऊन निघतो आणि कुठे जातो ते सांगत नाही. येतो तेव्हा आंघोळ केल्यासारखा. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, काकू," आणि लाजला. पन्नाशीचा बाप्या लाजतो म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी.

असं लिहितात पत्र. शिक जरा.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. आणि शिकवणी पोचली.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इथे टेबलाशी बसून एकटाच हसलो तर शेजारचा परदेशी अधिकारी संशयाने बघायला लागला. आमच्या धंद्यात कोणी हसलं की आधी त्याची नोंद होते.

आमचं काम तू समजतेस तसं पळापळीचं नाही गं. प्रत्येक देशाचा एकेक माणूस. कुणाला काही कळलं की तो दुसऱ्याला देतो. देताना एक गोष्ट मात्र काढून टाकायची, माहिती कुणी सांगितली ते. सांगणाऱ्याच्या जिवाला धोका नको म्हणून. बाकी दिवसभर कागद आणि कडू कॉफी.

तुझ्या भाडेकरूबद्दल जरा सविस्तर लिही ना. आधी कुठे राहत होता? कुणाच्या ओळखीने आला? पार्सलांवर पाठवणाऱ्याचं नाव काय असतं? गुरुवारची बॅग जड असते का हलकी? खोलीत आणखी काय काय आहे? सहजच विचारतोय. तू आणि सासूबाई दोघीच असता, म्हणून काळजी वाटते, बाकी काही नाही.

त्याला मात्र बोलू नकोस मी विचारलं म्हणून.

तुझा
गुंड्या

८ मार्च

गुंड्या,

सहजच म्हणे! चाळीस वर्षं ओळखते तुला. लहानपणी साखरेचा डबा रिकामा करून "ताई, तुला भूक लागलीय का?" असं 'सहजच' विचारायचास, तोच हा सूर.

मला कळलं तुझ्या मनात काय आहे ते. तुला वाटतं, विधवा बहिणीने घरात परका पुरुष ठेवलाय आणि आता या वयात काहीतरी शोभा करणार. कुणी कान भरले तुझे? तुझ्या बायकोने? अरे, मला दिवसाकाठी ब्लाउज आणि परकर शिवताना मान वर करायला फुरसत नाही, मी कुणाच्या गळ्यात पडणार! आणि पडायचंच झालं तर जरा बोलणारा बघीन.

घे, तुझ्या समाधानासाठी लिहिते. आधी बंदराच्या गावी राहत होता म्हणतो. ओळख कुणाची नाही, पाटी वाचून आला. पार्सलांवर कुठल्याशा परदेशी दुकानाचा शिक्का असतो. काल चहा द्यायच्या निमित्ताने खोलीत डोकावले. टेबलभर तारा, गोळीएवढ्या बॅटऱ्या, भिंतीवर कानाच्या आतल्या भागाची मोठी चित्रं, शंखासारखी वळणंवळणं. तारांना डाग द्यायची गरम कांडी तशीच धुमसत होती. खाली माझे कापडाचे गठ्ठे! चांगली झापली त्याला. म्हटलं, "एक दिवस तू आम्हाला सगळ्यांना घरासकट उडवणार आहेस." तर म्हणतो, "उडवायचं असतं तर आधी बोक्याला, काकू." पहिल्यांदाच हसलेला पाहिला.

गुरुवारची बॅग जाताना हलकी, येताना जड. झालं समाधान?

ताई

३० मार्च

ताई,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. मी हे लिहायलाच नको, पण तू माझी बहीण आहेस.

गेल्या वर्षी इथल्या बाजारात स्फोट झाला, माणसं गेली, तू पेपरात वाचलंच असशील. बॉम्बमधले सुटे भाग ज्या दुकानातून गेले, त्या दुकानाची पार्सलं कुठे कुठे जातात ते तपासताना जानेवारीत एक पत्ता माझ्या समोर आला. आपल्या घराचा. वरची खोली. ताई, माझ्या पायाखालची जमीन सरकली. पत्ता माझ्या बहिणीचा आहे हे मी इथे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला त्या कामातून बाजूला काढलं असतं, आणि मग तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार होतं?

मी तुला विचारलं ते यासाठी. तुझ्या लग्नाबिग्नाचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता.

तरी मी मनाला समजावत होतो, की गरीब कारागीर असेल बिचारा. पण आता तीन ठिकाणांहून, तीन वेगवेगळ्या देशांकडून माझ्याकडे माहिती आली आहे आणि ती तंतोतंत जुळते. कुणी आलं की कळावं म्हणून दाराला केलेली सोय. दर आठवड्याला गुप्त ठिकाणी जाणं. अंग धुऊन परतणं. अंग का धुतात माहीत आहे? बॉम्बच्या पावडरचा वास जावा म्हणून. एकाने सांगितलं असतं तर अफवा म्हणालो असतो.

सासूबाईंना घे आणि मावशीकडे जा. त्याच्यासमोर काही दाखवू नकोस. पूर्वीसारखीच वाग.

गुंड्या

११ एप्रिल

गुंड्या,

पत्र फाडलं आणि चुलीत घातलं.

सासूबाई हलायला तयार नाहीत. कारण सांगता येत नाही, आणि कारणाशिवाय त्या ऐकत नाहीत. पूर्वीसारखीच वाग म्हणतोस, कशी वागू? वर चमचा वाजला की माझ्या हातातलं शिवण सुटतं. त्याच्या पावलांवर कान लावून बसते. काल रात्री खुर्ची सरकली तर मी उठून दाराला पलंग लावला. जे जे आधी साधं वाटायचं ते सगळं आता वेगळंच दिसायला लागलंय. तो घुम्या का आहे, लाजला का, खिडकीचा पडदा दुपारीही ओढलेला का असतो. बोक्यालाही मी वर जाऊ देत नाही.

चहा बंद केला. चार दिवसांनी खाली येऊन उंबऱ्याशी उभा राहिला. "काकू, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं दूध नासलं. रोज कसं नासेल? त्याला कळलं असेल का रे? त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही मला.

लवकर काहीतरी करा.

ताई

२९ एप्रिल

ताई,

त्याला काल उचलल्याचं इकडे कळलं. सुटलीस. आता पलंग जागेवर लाव आणि शांत झोप.

ज्या देशात स्फोट झाला त्यांनी त्याचा ताबा मागितला आहे. आपल्या कोर्टात ३० जूनची तारीख आहे. त्या दिवशी ठरलं की त्याला विमानात बसवून इकडे आणतील. इथल्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. एवढ्या देशांनी मिळून एक माणूस इतक्या लवकर पकडला, असं फार क्वचित होतं.

तुझे उपकार तुला सांगूनही कळणार नाहीत.

गुंड्या

१४ मे

गुंड्या,

माझे उपकार मला चांगले कळले आहेत. ऐक.

मला जबाबाला बोलावलं. तरुण अधिकारी होता, आदबीने बोलणारा, पाणी दिलं. समोरचा टाइप केलेला कागद वाचून एकेक विचारायला लागला. दाराला आतून धातूची इशारा देणारी वस्तू बांधलेली. भिंतीवर नकाशे. दर गुरुवारी अज्ञात ठिकाणी ये-जा, परतताना अंग धुतलेलं, सामान जड. घर उडवून देण्याविषयी घरमालकिणीसमोर बोलणं झालेलं.

मी म्हटलं, साहेब, धातूची वस्तू म्हणजे?

म्हणाला, "बहुतेक चमचा."

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर खुर्चीत ताठ होऊन म्हणतो, "बाई, एकाने नाही. तीन देशांनी वेगवेगळं कळवलंय." मी म्हटलं, तिघांनाही चमचा दिसला? म्हणाला, "तेच तर! म्हणून तर खात्री पटली."

गुंड्या, तो चमचा या जगात चौघांनी पाहिला आहे. त्याने, मी, सासूबाईंनी आणि बोक्याने. सासूबाईंना लिहिता येत नाही. बोक्याचं तुला माहीतच आहे. राहिले मी, आणि मी तो फक्त तुला कळवला.

माझेच शब्द होते रे. माझी थट्टा, माझ्या चहाटळ गप्पा, सूटबूट घालून माझ्याच समोर येऊन बसल्या होत्या. 'तू आम्हाला उडवणार आहेस' हे मी त्याला म्हटलं होतं, कापड जळेल म्हणून! कानाच्या चित्रांचे नकाशे कधी झाले? आणि बोका कुठे गेला? मी दोन्ही पत्रांत बोका लिहिला होता. तू चमचा उचललास आणि बोका गाळलास. बोका काढला तर त्या चमच्यात राहतं काय?

गुरुवारचंही सांगते. तो पोहायला शिकतो. वीतभर पोरांच्या वर्गात, कमरेला फुगे बांधून. शिकवणारी बाई माझ्याकडून सलवारी शिवून घेते, तीच रडत आली. ओला टॉवेल जड लागतो, गुंड्या. याचीच त्याला लाज वाटत होती.

पोलिसांनी त्याच्या टेबलावरचं सगळं नेलं. सासूबाईंनी पुन्हा दुरुस्तीला दिलेलं त्यांचं यंत्रही पुराव्यात गेलं. त्या आता खिडकीत बसून असतात आणि दर थोड्या वेळाने मला विचारतात, कानवाला कधी यायचा? मी ओरडून सांगते, त्यांना ऐकू येत नाही, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

मी त्या माणसाचा चहा बंद केला. लाज वाटते मला स्वतःची. तू आता एकच कर. जिथे जिथे चमचा लिहिलास तिथे तिथे बोका लिही, आणि खाली माझं नाव घाल.

ताई

२ जून

ताई,

तुझं पत्र आल्यावर मी तिन्ही कागद काढून शेजारी शेजारी ठेवले.

मी तुझ्या पत्रांतलं चार ओळींत टाइप केलं होतं, 'खात्रीलायक व्यक्तीकडून' म्हणून. शेजारच्या अधिकाऱ्याने ते त्याच्या देशाला पाठवलं, त्यांनी तिसऱ्या देशाला, तिसऱ्याने चौथ्या देशाला, आणि या तिघांनीही आपल्या पोलिसांच्या मुख्यालयाला. कुणी सांगितलं ते प्रत्येकाने नियमाप्रमाणे काढून टाकलं. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलं. फिरून माझ्याकडे आलं तेव्हा ते माझंच आहे हे मला ओळखू आलं नाही. मीच बोललो आणि मीच तीनदा मान डोलावली.

बोका मला महत्त्वाचा वाटला नाही. अहवालात बोका लिहिला तर लोक हसतात.

पण ताई, थोडं माझंही ऐक. त्या दुकानाच्या गिऱ्हाइकांत तो होता, हे तर खोटं नाही ना? तो निर्दोष आहे हे तू तरी कशावरून सांगतेस? पोहायला जाणारा माणूस आणखी काही करत नसेल असं थोडंच आहे? आणि मी आता तोंड उघडलं, तर बहिणीचा पत्ता लपवला, बहिणीच्या गप्पा गुप्त माहिती म्हणून दिल्या, हे सगळं बाहेर येईल. नोकरी जाईल. मुलांच्या शाळा अर्ध्यावर आहेत. कोर्टात त्याचा वकील असेलच. तो निर्दोष असेल तर सुटेल. जरा धीर धर.

गुंड्या

१२ जून, जलद टपालाने

गुंड्या,

तो कसा आहे ते मला माहीत नाही. माणसाच्या पोटात शिरून कुणी पाहिलंय? तुझ्या पत्राने माझ्या मनात घातलेला किडा अजून पुरता गेलेला नाही, हेही कबूल करते. दुकानाचं काय ते खुशाल तपासा, महिनाभर तपासा. पण मी काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे. त्यावर माणसाला विमानात घालून न्यायचं नाही.

त्याचा वकील चमच्याचं काय सांगणार? त्याच्या हातात तीन देश आहेत, त्यामागे एक शिंपीण आहे हे त्याला कोण सांगेल?

३० तारखेला मी कोर्टात उभी राहणार आहे. त्याआधी तू बोललास तर माझा भाऊ बोलला असं होईल. नाही बोललास तर मला भावाचं नाव घ्यावं लागेल. मी ते घेईन, रडत घेईन, पण घेईन.

ताई

२५ जुलै

ताई,

पाकिटावरचा शिक्का बघून कळलंच असेल, मी परत आलोय. मुख्यालयाच्या कोठारात बसवलंय. गणवेश, पट्टे, बूट. चौकशी चालू आहे. नोकरी राहील असं म्हणतात, बढतीचं आता विसरायचं.

तारखेच्या आठ दिवस आधी मी साहेबांच्या समोर सगळं सांगितलं. चमचा, बोका, तू. बोक्याचं सांगताना वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र उठून बाहेर गेला, तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही. मग एकेका देशाने आपापला कागद मागे घेतला. उरलं फक्त ते दुकान, आणि त्याचं म्हणशील तर निम्मी गिऱ्हाइकं कानाची यंत्रं दुरुस्त करणारीच निघाली. कोर्टाने ताबा नाकारला हे तुला माझ्याआधी कळलं असेल.

चुकलो, ताई. मी घाबरलो होतो तुझ्यासाठी, आणि घाबरलेल्या माणसाने काय वाचलं ते त्यालाच कळत नाही. पण त्या पुढची लपवाछपवी भीतीची नव्हती, ती माझी होती.

तो परत आला का गं? वरच राहतो? पोहायला जातो का अजून? चमचा आहे का दाराला? सासूबाईंना यंत्र मिळालं का? मला गल्लीतलं सगळं लिही, शेजारणीच्या भांडणासकट. इथे कोठारात दिवसभर कुणी बोलायला नसतं, मी तुझी जुनी पत्रं काढून वाचतो. पूर्वीसारखं लांबलचक लिही.

तुझा
गुंड्या

१० ऑगस्ट

चि. गुंड्या,

पत्र मिळालं. इकडे हवा बरी आहे. तब्येत बरी आहे. काम ठीक चाललंय. तुम्ही सगळे कसे आहात?

घरात कोण येतं, कोण जातं, ते मी आता कुणाला लिहीत नाही.

ताई

ता.क. बोका मजेत आहे. हे कुठल्याही देशाला कळवलंस तरी चालेल.